बिनविषारी राळेचं चिलखत

आधी चहा घ्या. कारण मी जे सांगणार आहे ते ऐकल्यावर तुम्ही पुन्हा कधी माझ्या हातचं काही खाल-प्याल, याची मला खात्री नाही. घोट घेतलात? आता ऐका.

मी मराठीचा मास्तर. कोल्हापुरातल्या एका शाळेत व्याकरण शिकवतो. खरं सांगायचं तर शाळेतच कशाला, घरात, दारात, भाजी मंडईत, जिथं माणूस सापडेल तिथं शिकवतो. कुणी 'फॅन लावा' म्हणालं की मी आधी 'पंखा' म्हणतो आणि मगच बटण दाबतो. आमची केतकी लहान होती तेव्हा माझ्या धाकानं 'आईस्क्रीम' हा शब्द उच्चारायचीच नाही, गाड्याकडं नुसतं बोट दाखवायची. हे मी कौतुकानं सांगत नाही. पुढं जी फजिती झाली तिची मुळं इथं आहेत, म्हणून सांगतोय.

आता आमच्याकडचे गणपतीतले सजीव देखावे तुम्हाला ठाऊक असतील. गल्लीतलीच माणसं रंग लावून, पोशाख घालून मांडवात उभी राहतात, भारदस्त आवाजात संवाद म्हणतात आणि रस्ताभर गर्दी तुंबते. यंदा आमच्या मंडळानं वेढा पडलेला गड घेतला. गडाचा किल्लेदार लढाईत पडतो, आणि त्याची बायको त्याचं चिलखत अंगावर चढवून तटावर उभी राहते, अशी गोष्ट. ती किल्लेदारीण आमची केतकी.

केतकी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला असल्या पोशाखांचं भारी वेड. फोमचे तुकडे, पुठ्ठे, रंगाच्या बाटल्या यांनी तिची खोली इतकी भरलीय की झोपायला पलंग आहे याची तिलाच आठवण करून द्यावी लागते. चिलखत मी स्वतः करणार, असं तिनं मंडळाला सांगून टाकलं.

तिथंच अडचण होती. तिला लहानपणापासून दमा आहे.

गेल्या वर्षी मंडळाच्या चिलखतांचं काम मांडवामागच्या पत्र्याच्या खोलीत चाललं होतं. फायबरचं काम. त्यात एक चिकट द्रव वापरतात, तो कापडावर थापला की वाळून कडक होतो. त्याला म्हणतात रेझीन. त्याचा वास असा उग्र की धडधाकट माणसाचे डोळे गळतात. केतकी तिथं मदतीला गेली आणि थोड्याच वेळात आम्हाला तिला घेऊन दवाखान्यात पळावं लागलं. रिक्षात ती माझ्या खांद्याला धरून श्वास ओढत होती, आणि त्या ओढण्याचा एक आवाज होत होता. वर्गात पोरं अचानक गप्प झाली की तो आवाज मला अजून ऐकू येतो.

त्यामुळं यंदा आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे वंदनानं, अट घातली. वंदना पन्हाळ्याच्या सरकारी कचेरीत नोकरीला आहे, रोज एसटीनं गड चढते-उतरते, आणि तिची अट म्हणजे सही-शिक्क्यानिशी असते. असला वास घरात आला तर भूमिका बंद. मंडळाचीही बाजू होती. गेल्या वर्षीचं फायबरचं चिलखत तयार होतं, पण ऊन लागलं की त्याला अजून तोच वास सुटायचा. म्हणजे केतकीनं रविवारच्या रंगीत तालमीला दुसरं चिलखत आणलं तर ठीक, नाहीतर किल्लेदारीण दुसरी.

केतकी म्हणाली, "बाबा, कमी त्रासाची रेझीनं असतात. मी बघतेय. गुरुवारी कॉलेजचं काम संपलं की करायला घेते."

आता बापानं यावर काय करावं? 'बरं' म्हणावं आणि पेपर वाचावा. पण मला तो रिक्षातला आवाज स्वस्थ बसू देईना. मी तिच्या नकळत मोबाईलवर वाचायला लागलो. त्यात एक प्रकार सापडला. एक पूड आणि एक पातळ, असे दोन भाग. एकत्र कालवायचे, कापड बुडवायचं, थापायचं आणि वाळवायचं. वास जवळजवळ नाही. शेजारी ठळक अक्षरांत 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेलं. मी मनातल्या मनात लगेच भाषांतर केलं. नॉन-टॉक्सिक म्हणजे बिनविषारी. रेझीन म्हणजे राळ. किती सुंदर शब्द! आपल्या भाषेत असे शब्द असताना लोक रेझीन रेझीन का करतात, या विचारानं मला थोडा राग पण आला.

बिनविषारी राळ आणायची कुठून? तर संपतकडून. संपत हा वंदनाचा धाकटा भाऊ, मुरगूडचा. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत तो एका कारखान्यात कामाला आहे आणि पाळी संपली की स्वतःचं रान बघतो. कारखान्यांच्या गावात रोज जाणारा माणूस, त्याला राळ मिळणार नाही तर कुणाला मिळणार? मी फोन लावला. पलीकडं यंत्रांची घरघर होती, इकडं केतकी शेजारच्या खोलीत होती म्हणून मी दबक्या आवाजात बोलत होतो.

"संपत, बिनविषारी राळ मिळेल का रे तुझ्याकडं?"

"राळं व्हय? बिनविषारी म्हंजे फवारणी न केल्यालं?"

मी खूश झालो. रेझीन काही ठिकाणी फवारूनही मारतात, हे मी कालच वाचलं होतं. पोराला धंद्यातलं कळतंय म्हणायचं.

"हो, फवारणीची नको. हातानं लावायची पाहिजे."

"हातानंच लावलंय की, दाजी."

"लावलंय नाही, लावलीय," मी म्हणालो. "ती राळ. स्त्रीलिंगी."

पलीकडं फक्त घरघर ऐकू आली. मग संपत नम्रपणे म्हणाला, "बरं दाजी. ती."

बघा, तुमच्यातले गावाकडचे आत्ताच हसायला लागले. थांबा जरा. त्या माणसानं माझ्या हातात एक धडधडीत पुरावा दिला होता, आणि मी त्याचं व्याकरण सुधारून तो त्याला परत केला. पुढचं सगळं संभाषण मग त्या बिचाऱ्यानं स्त्रीलिंगात केलं, कारण दाजी मास्तर आहेत.

मी विचारलं, चिकटते ना नीट? तो म्हणाला, नवी असली तर चिकट होती, जुनी मोकळी ऱ्हाती. मी म्हटलं, मग नवीच दे, मला चिकटच पाहिजे. तो म्हणाला, बरं, तुमची आवड. मी विचारलं, पुडीच्या रूपात मिळेल का? तो म्हणाला, गिरणीतनं काढून आणतो. माझ्या डोळ्यांपुढं एमआयडीसीतली भली मोठी गिरणी उभी राहिली. सोबतचं पातळ? ते तर देणारच, ते दिलं न्हाय तर आक्का मला दारात उभं करणार न्हाय, असं तो म्हणाला. आक्का म्हणजे वंदना. आता राळेच्या पातळाशी वंदनाचा काय संबंध, हा प्रश्न शाळेतल्या ढ पोरालाही पडला असता. मला पडला नाही.

शेवटी मुद्द्याचं विचारलं. "हे बघ, केतकीसाठी पाहिजे. तिची तब्येत तुला माहीत आहे. अंगाला लागली तर काही होणार नाही ना?"

"अंगाला लागायलाच पायजे की, दाजी. किती वाळलीया पोरगी."

इथं तरी मी थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, मामा आहे, बोलता बोलता माया आडवी आली. घरात कुणाला बोलू नकोस, तिला अचानक दाखवायचंय, एवढं सांगून मी फोन ठेवला.

शुक्रवारी शाळेला सुट्टी होती. वंदना पन्हाळ्याला गेलेली, केतकी गुरुवारी राहिलेलं काम उरकायला कॉलेजात. सकाळीच मुरगूडचा एक पावणा गाडीतून सामान टाकून गेला. एक छोटं पोतं आणि एक पांढरा प्लास्टिकचा कॅन, फिरकीच्या झाकणाचा. पोत्यात फिकट पिवळी पूड. कॅनमध्ये घट्ट, तांबूस, संथ ओघळणारं पातळ. मोबाईलवर पाहिलेलं अगदी तंतोतंत. पूड आणि पातळ, दोन भाग!

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, कोल्हापुरात जन्मलात, वाढलात, आणि तुम्हाला ते पातळ ओळखता येईना? ऐका तर खरं. मला माझ्या सावधपणानं मारलं. वाचलेल्या प्रत्येक सूचनेचं मी पालन केलं होतं. हातमोजे घाला, मी घातले. डोळे झाका, मी केतकीचा पोहण्याचा चष्मा लावला. पूड नाकात जाऊ देऊ नका, मी एकावर एक मास्क चढवले. त्वचा झाका, मी रेनकोट घातला. वास घेऊ नका, चव घेऊ नका, जवळ अन्न ठेवू नका. मी काहीच घेतलं नाही आणि काहीच ठेवलं नाही. असा सगळा सरंजाम करून मी गच्चीवर आलो, तर शेजारच्या गच्चीवरून काकूंनी विचारलं, "सर, मधमाश्या काढताय व्हय?"

मी मास्कमधून 'राळ, राळ' एवढंच म्हणालो. त्यांनी मान डोलावली आणि कपडे वाळत घालायला लागल्या.

गच्चीवर पत्र्याच्या आडोशाला केतकीनं तिच्या मापाचं धड बनवून ठेवलं होतं. जुना टी-शर्ट घालून, त्यावर मैत्रिणीकडून चिकटपट्टी गुंडाळून घेऊन, मग तो कापून काढून, आत रद्दी भरून केलेलं. कितीतरी संध्याकाळी ती त्यावर खपली होती. त्याच्यावरच चिलखत बसवायचं होतं. मी पूड पातळात कालवली. आधी गुठळ्या झाल्या, पण मी जिद्दीनं फेटलं. वंदनाच्या जुन्या सुती साडीच्या पट्ट्या त्यात बुडवल्या आणि त्या धडावर थरावर थर चढवले. छाती, पाठ, खांदे. पावसानं उघडीप दिली होती, ऊन चांगलं तापलेलं.

आणि विश्वास ठेवा, ते वाळलं. संध्याकाळी मी बोटानं वाजवून पाहिलं तर टक्क असा आवाज आला. मला आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. वंदना आल्यावर तिला मी गच्चीवर जायची बंदी केली. काय चाललंय, तिनं विचारलं. म्हटलं, उद्या कळेल, विषारी नाही, पण नियम म्हणजे नियम. जेवताना मी त्या दोघींना मराठीच्या शब्दसंपत्तीवर एक छोटं व्याख्यानही दिलं. केतकी दमली होती, ऐकता ऐकता तिथंच पेंगली.

सकाळी मला चिमण्यांनी जागं केलं. आमच्याकडं चिमण्या कमी झाल्यात असं मी वर्गात सांगत असतो. त्या दिवशी कमी नव्हत्या.

गच्चीवरून केतकीची हाक आली, "बाबा, वर या." आवाज अगदी शांत. मुलीचा आवाज शांत असला की बापानं घाबरायचं असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

वर जाऊन बघतो तर चिलखतावर पंगत बसली होती. छातीवर चिमण्या, पाठीवर साळुंक्या. उजवा खांदा जवळजवळ साफ. एक कावळा साडीची पट्टी ओढून कठड्यावर नेऊन निवांत सोलत होता. आणि भिंतीतल्या फटीतून निघालेली काळ्या मुंग्यांची रांग बगलेतून आत शिरत होती आणि गळ्यातून बाहेर येत होती. येताना प्रत्येकीच्या तोंडात काहीतरी होतं.

माझ्यामागून वंदना आली. तिनं पुढं होऊन चिलखताचा एक कपचा तोडला, नाकाला लावला आणि तोंडात टाकला.

मी ओरडलो, "थुंक! थुंक आधी!"

तिनं चघळलं. डोळे मिटून पुन्हा चघळलं. मग म्हणाली, "काकवी आहे की ही. आणि हे राळ्याचं पीठ. संपतनं पाठवलं का?"

राळं. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. राळं हे धान्य आहे, बारीक, पिवळं. भोगीला आपण त्याचा भात करतो. अशक्त माणसाला, आजारातून उठलेल्याला राळ्याची खीर देतात, वर काकवी घालून. आणि फवारणी न करता पिकवलेल्या धान्याला आमच्याकडं सगळे बिनविषारीच म्हणतात. संपतनं दाजींचं ऐकून भाचीसाठी चांगलं राळं निवडून, दळून, सोबत गुऱ्हाळावरची काकवी धाडली होती. त्याच्या बाजूनं तसूभरही चूक नव्हती. माझ्या डोक्यात एमआयडीसी होती, त्याच्या डोक्यात रान. आणि दोघांच्या मधे एक अनुस्वार होता, तो मी स्वतःच्या हातानं पुसला होता.

वंदना जिन्याच्या पायरीवर बसली आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावायला लागली. शेजारच्या काकूही कठड्याशी आल्या. मीसुद्धा हसायच्या बेतात होतो.

केतकी हसत नव्हती. ती तिचं धड उलटंपालटं करून बघत होती. चिकटपट्टी सुटली होती, आतल्या रद्दीत मुंग्या भरल्या होत्या, एक बाजू ओलसर होऊन खचली होती. ती त्याची कड दाबून दाबून सरळ करायचा प्रयत्न करत होती, आणि ते होत नव्हतं. रंगीत तालीम दुसऱ्या दिवशी होती.

"केतू, तुला त्रास होऊ नये म्हणून केलं मी," मी म्हणालो. "बिनविषारीच मागितली होती."

तिनं धडाची कड सोडून दिली. मग म्हणाली, "बाबा, कुणाला बिनविषारी?"

"म्हणजे?"

"डब्यावर लिहिलेलं असतं ना, ते बऱ्याचदा वाळल्यावरचं असतं. म्हणजे घालणाऱ्याला. ओलं असताना जो कालवतो त्याचं काय? आणि वास नाही म्हणजे त्रास नाही, असंही नसतं. काहींना वासच नसतो, पण अंगावर पुरळ उठतं, आणि एकदा ते अंगाला बाधायला लागलं की पुढं नुसत्या जवळ जाण्यानंही त्रास होतो. मी त्या शब्दाकडं बघतच नाही. आत काय आहे आणि कधी बाधतं, ते बघते. महिनाभर तेच बघतेय." तिनं मुंग्या झटकल्या. "श्वास माझा आहे, बाबा. मला एकदा विचारायचं तरी."

गेली कित्येक वर्षं मी फळ्यावर चतुर्थीचे प्रत्यय लिहितोय. स, ला, ते. पोरांना सांगतोय की वाक्यात चतुर्थी ओळखायची असेल तर क्रियापदाला विचारा, 'कुणाला?' आणि एवढा मोठा शब्द घेऊन मी गावभर फिरलो, त्याला हा एक प्रश्न विचारला नाही. काळजी मला माझ्याच मनातल्या त्या आवाजाची होती. जिच्या छातीतून तो आवाज आला होता ती शेजारच्या खोलीत बसली होती, आणि मी तिला कळू नये म्हणून दबक्या आवाजात बोलत होतो. हे मला त्या गच्चीवर, मुंग्यांच्या रांगेशेजारी उभा असताना कळलं. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

मी म्हणालो, "आता सांग, काय करू?"

ती म्हणाली, "गाडी काढा."

मूर्तिकारांना सामान पुरवणाऱ्या दुकानात आम्ही गेलो. केतकीनं हवं ते आधीच हेरून ठेवलं होतं. खरोखरच एक पूड आणि एक पातळ होतं, पाण्यात मिसळणारं, हे ऐकून मला माझ्या अकलेचं थोडं तरी समर्थन सापडल्यासारखं झालं. पण तिनं ते लगेच उचललं नाही. आतल्या घटकांचा कागद मागितला, उभ्या उभ्या पूर्ण वाचला, पुडीची धूळ किती उडते ते विचारलं, वाळताना काय सुटतं ते विचारलं. दुकानदाराला एका प्रश्नाचं उत्तर आलं नाही तर त्यानं कंपनीला फोन लावून विचारलं. मी शेजारी पिशवी धरून उभा होतो.

आपणही काही बोलावं म्हणून मी म्हणालो, "म्हणजे हे रेझीन हवेशीर जागेतच वापरायचं ना?"

दुकानदारानं माझ्याकडं निरखून पाहिलं. "सर, मला ओळखलं न्हाईसा? तुमच्याच वर्गात हुतो. इंग्रजी शब्द वापरला की तुम्ही बाकावर उभं करायचा. राळ म्हणा की."

मी काऊंटर घट्ट धरला आणि म्हणालो, "नको."

केतकी त्या दिवशी पहिल्यांदा हसली. मी मात्र तिचं हसू संपेपर्यंत छताकडं बघत होतो.

त्या दिवशी गच्चीवर सगळं नव्यानं झालं. वंदनानं केतकीला चिकटपट्टी गुंडाळली, मी कात्री धरली, नवं धड तयार झालं. चिलखताचा साचा तिनं फोमचा कापला आणि त्यावर त्या मिश्रणाचे पातळ थर कापडासकट चढवले. पूड कालवताना ती मास्क लावून वाऱ्याकडं पाठ करून उभी राहिली, कालवून झाल्यावरही हातमोजे काढले नाहीत. वंदना अधूनमधून येऊन नाक वर करून हवा हुंगून जायची. शेवटी तिनं मान हलवली, म्हणजे परवानगी. मला काम एकच होतं, चिमण्या हाकलायच्या. एकही आली नाही. बहुतेक त्यांना फरक कळत होता.

तालमीला चिलखत गेलं, रंगलं, पास झालं. आणि देखाव्याच्या दिवशी मी गर्दीत पुढं जाऊन उभा राहिलो. तटावर दिव्याचा झोत पडला आणि केतकी पुढं आली. करड्या-सोनेरी रंगाचं ते चिलखत, कमरेला तलवार. तिचं शेवटचं वाक्य लांबलचक आहे. गड का सोडणार नाही ते एका दमात सांगायचं असतं. संवाद मीच लिहिले होते, त्यात एकही परका शब्द नव्हता. पण खरं सांगू? मी शब्द ऐकतच नव्हतो. जन्मात पहिल्यांदाच मी दोन वाक्यांच्या मधला श्वास ऐकत होतो. तो मोकळा होता. वाक्य संपलं, लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, आणि मला वंदनाचा हात धरावा लागला.

खेळ संपल्यावर केतकी चिलखतासकट आमच्याकडं आली. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत संपत आला, हातात पिशवी. त्याला या सगळ्यातलं काहीच माहीत नव्हतं. वंदनानं त्याला फोनवर 'राळं छान होतं' एवढंच सांगितलं होतं, माझी लाज राखायला.

त्यानं केतकीकडं पाहिलं. चिलखतातली ती भरदार छाती, रुंद खांदे. त्याचा चेहरा समाधानानं फुलला.

"दाजी," तो म्हणाला, "पोरगी बघा कशी भरलीया. अंगाला लागलं म्हणायचं. आणखी आणलंय."

केतकीनं माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. असं किती दिवस लपवणार? तिनं मामाला सगळं सांगितलं. राळ, राळं, रेनकोट, पोहण्याचा चष्मा, साडीच्या पट्ट्या, काकवी, मुंग्या, कावळा. गुऱ्हाळावरून काकवी आणायला संपतची कारखान्यातली पाळी बुडाली होती, हे मला वंदनाकडून नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त त्याच्या चेहऱ्याकडं बघत शिव्या खायची तयारी करत होतो.

त्यानं पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "चिमण्यांनी खाल्ली?"

"खाल्ली," मी म्हणालो.

"एक बी मेली न्हाई?"

"नाही."

"आन मुंग्या?"

"सगळ्या ठणठणीत."

"मग तुम्ही मागितली तशीच दिलती की, दाजी," संपत म्हणाला. "बिनविषारी."

सवयीनं मी त्याच्या वाक्यांत चूक शोधायला लागलो. खाल्ली, मागितली, दिलती. सगळं स्त्रीलिंगी, जसं मी शिकवलं होतं तसंच. व्याकरणात एकही चूक नव्हती.